नऊ इंचांची मांजरमोरी

घर बांधून झाल्यावर आपण भिंतींना किती भोकं पाडतो, हे कुणी मोजत नाही. मी गेल्या फाल्गुनातल्या एका रविवारी मोजली. जळगावातल्या आमच्या बैठ्या घराला एकूण अकरा निघाली. एसीच्या नळ्यांची दोन, स्वयंपाकघरातल्या चिमणीचं एक, एक्झॉस्ट पंख्याचं एक, डिशच्या केबलचं एक (डिश गेली, भोक राहिलं), इंटरनेटच्या तारेचं एक, वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याचं एक, गच्चीवरच्या टाकीच्या नळांची तीन आणि कूलरला पाणी पुरवणाऱ्या नळीचं एक. ही अकरा भोकं पाडताना घरात एका शब्दाची चर्चा झाली नव्हती. माणूस मशीन घेऊन आला, घर्रर्र आवाज झाला, धूळ उडाली, संपलं. बारावं भोक मांजरासाठी पाडायचं म्हटल्यावर मात्र सभा भरली.

बाराव्या भोकाची मागणी कळणीची. कळणी म्हणजे आमची मांजर. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीला जो काळपट ठिपक्यांचा करडा रंग येतो, तोच हिच्या अंगावर आहे, म्हणून हे नाव. तीन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात, गच्चीवर काढून ठेवलेल्या कूलरच्या पेटीत ती सापडली, तेव्हा मुठीत मावत होती. आता ती पहाटे साडेचारला माझ्या उशाशी येऊन हाक मारते. मी उठते, मागचं दार उघडते. ती उंबरठ्यावर बसते. बाहेर बघते, आत बघते, पुन्हा बाहेर बघते. मी दार धरून उभी. पाचेक मिनिटांनी बाईसाहेब बाहेर पडतात, आणि मी जरा आडवी होते न होते तोच त्यांना आत यायचं असतं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला दरवानाची नोकरी लागली.

सभेत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. हे म्हणाले, "मागच्या लाकडी दाराला खाली एक चौकोन कापू. पंधरा मिनिटांचं काम." मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, की आता चिपवाली झडप मिळते. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, झडप ती वाचते आणि फक्त आपल्याच मांजराला आत घेते. शेजारच्या काकूंचं म्हणणं, भोक ईशान्येला असावं, आणि काही झालं तरी पुढच्या दाराला नको. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला मांजर आडवं जायचं. सुताराचं मत सगळ्यांत वेगळं. तो पारोळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. टेप गुंडाळत म्हणाला, "मांजर त घरनी मालकीन शे, बाई. मालकीनले कोनी भोकमाईन काढस का?"

यांनी करवतीची सोय पाहिली, मुलाने कुलपाची, काकूंनी दिशेची. सुतार तेवढा मांजराच्या बाजूने बोलला, पण त्यालाही जागा सांगता आली नाही. आणि मी? मी न्यूटनचा विचार करत होते.

धुळ्यात आणि जळगावात मिळून मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. न्यूटनचा धडा आला, की एक गोष्ट हमखास सांगायचे. न्यूटनने म्हणे आपल्या मांजरीसाठी दाराला मोठं भोक पाडलं, आणि तिला पिल्लं झाल्यावर पिल्लांसाठी शेजारी एक लहान भोक पाडलं! वर्ग खो खो हसायचा. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला इतकी साधी गोष्ट कळली नाही, याचं पोरांना फार समाधान. निवृत्त झाल्यावर नीट वाचत बसले, तेव्हा लक्षात आलं, की या गोष्टीला भक्कम पुरावाच नाही. शिवाय मांजराचं भोक न्यूटनच्या कितीतरी आधीचं. न्यूटनचा जन्म १६४२ चा. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये मोठ्या खगोलीय घड्याळाखालच्या दाराला मांजरासाठी भोक पाडल्याबद्दल सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद १५९८ ची आहे. त्याच कॅथेड्रलच्या हिशेबवह्यांत, त्याही आधी, चौदाव्या-पंधराव्या शतकात मांजराच्या नावे आठवड्याला एक पेनी खर्ची पडत असे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या एका कथेत तर नोकर बंद खोलीच्या दाराला खाली असलेल्या मांजराच्या भोकाला डोळा लावून आत डोकावतो. माझ्या चौतीस बॅचेसची मी या निमित्ताने माफी मागते.

या सगळ्या जुन्या भोकांत एक गोष्ट सारखी दिसते. भोक कुठं पाडायचं, हे उंदराने ठरवलं होतं. घड्याळाच्या यंत्राकडे उंदीर जातात, तर भोक घड्याळाखाली. धान्याच्या खोलीत उंदीर, तर भोक त्या खोलीच्या दाराला. मांजर कामाला होतं आणि कामावर जायचा रस्ता त्याला दिलेला होता.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. माझं माहेर धुळ्याचं. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी तिथं नवी पेठ सरळ रेषांत आखली, आणि त्या भागातल्या गल्ल्या आजही नंबरांनीच ओळखल्या जातात. आम्ही नंबरवाल्या गल्लीतले. घर धाब्याचं. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर खारी माती. मृगाच्या आधी दरवर्षी धाब्यावर नवी खारी पडायची आणि आम्ही पोरं ती पायांनी दाबायचो. चुलीच्या वर छपरातच उजेडाला आणि धुराला वाट म्हणून एक चौकोनी भोक होतं. त्याला सानं म्हणत. पाऊस आला की वर पळत जाऊन त्यावर पत्रा ओढायचा. मांजराची ये-जा त्या सान्यातून. सान्यातून कडीवर, कडीवरून कणगीच्या झाकणावर, कणगीवरून खाली. ब्रिग्जसाहेबाने माणसांना सरळ रस्ते दिले. मांजरांनी एकमेकांना खेटलेल्या धाब्यांवरून आपले तिरपे रस्ते काढले. एका गल्लीत दूध पिऊन तिसऱ्या घरी झोपायला जाणारं मांजर जमिनीला पाय लावत नसे.

माझ्या आजीने मांजराला कधी कुरवाळल्याचं मला आठवत नाही. पण सान्यावरचा पत्रा चार बोटं सरकवून ठेवलाय ना, हे पाहिल्याशिवाय ती निजत नसे. कणगीत वर्षाची ज्वारी होती. मांजर लाडाचं नव्हतं, गरजेचं होतं.

ही गरज आमच्या शेजारच्या वऱ्हाडात एका डॉक्टरने मोजायचाही प्रयत्न केला. अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी प्लेगच्या काळात मांजरांची मोजदाद केली आणि १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला, की मांजरं प्लेगला अडवतात. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे आज माहीत आहे, तेव्हा तो दावा जसाच्या तसा घेता येणार नाही. पण मला त्यातली मोजदाद आवडते. एक सरकारी डॉक्टर कागदावर मांजरांचा आकडा मांडतो, म्हणजे तेव्हा मांजर घराच्या हिशेबात धरलेलं होतं.

मग स्लॅब आला. सानं गेलं. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, खिडक्यांना सरकत्या काचा आणि डासांची जाळी बसली, मोरीच्या तोंडाला झुरळांसाठी झाकण लागलं. एकेक गोष्ट योग्यच होती. मला माझ्या घरात झुरळं नको आहेत. पण या सगळ्यात मांजराची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर रस्ताही गेला. ते सोफ्यावर आलं, उशीवर आलं, त्याला नाव मिळालं, वाढदिवससुद्धा मिळाला. नोकर असताना जी वाट होती, ती घरचं माणूस झाल्यावर राहिली नाही.

तर आमची सभा. पहिल्या फेरीत यांचं ऐकलं. मागच्या लाकडी दाराला खाली चौकोन कापला, त्यावर वर बिजागरी असलेली हलकी झडप लावली. खरंच पंधरा मिनिटांत झालं. मार्चचा दुसरा आठवडा होता आणि त्या रात्री आम्ही कूलर लावला.

जळगावात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून घरात ढकलतो. ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर घर थंड होण्याऐवजी दमट होतं. म्हणून आपण समोरची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवतो. आता त्या हवेला खिडकीबरोबर माझ्या नव्या झडपेचीही वाट सापडली. झडप रात्रभर बाहेरच्या बाजूला तरंगत राहिली. मधूनच खाली पडायची, पुन्हा उचलली जायची. टप. टप. टप. कळणी तीन हात लांब बसून तिच्याकडे अशी बघत होती, जशी मी लहानपणी रात्री सान्याकडे बघायचे. त्या झडपेतून ती एकदाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. जेवायच्या आधी गंमत म्हणून त्याने बाहेरून झडपेत हात घातला, कोपर वळवलं आणि दाराची खालची कडी सरकवली. सगळे हसले. हे हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत चौकोनावर प्लायवुडचा तुकडा ठोकला गेला. तो अजून आहे. बारावं भोक असं वाया गेलं.

तेव्हा कुठं मी वर्गात जे पोरांकडून करून घ्यायचे, ते घरी केलं. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. एक जुनी वही काढली. रात्री झोपताना मागच्या दारापाशी, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, धुण्याच्या जागेत, बाहेर कुंपणाच्या भिंतीवर आणि टाकीजवळ चाळणीने कणकेचा पातळ थर पेरायचा. सकाळी ठसे बघायचे, वहीत टिपायचे, पुसून टाकायचं. यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "पोलिसात कधी लागलीस?" चौथ्या दिवसापासून तेच चष्मा लावून माझ्या आधी ठसे बघायला जायला लागले.

पंधरा दिवसांनी वहीत जे दिसलं, त्याने आम्ही दोघं गप्प झालो. मागचं दार हा कळणीचा रस्ताच नव्हता. ती कुंपणाच्या भिंतीवरून येते, टाकीच्या मागे उतरते, तिथून कढीपत्त्याच्या कुंडीआडून धुण्याच्या जागेच्या उत्तरेकडच्या भिंतीशी येऊन थांबते. ठसे तिथं दाट. घरातही रात्री त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या कडेला, ती बसलेली असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच मांजराचे ठसे, मधे नऊ इंचांची वीट. तिथून वळसा घालून उघड्या फरशीवरून ती मागच्या दाराशी येत होती, कारण दार उघडणारी बाई तिथं येते.

का तीच भिंत, हे मग समजायला लागलं. मांजर शिकार करतं तसं त्याचीही शिकार होऊ शकते, हे त्याच्या रक्तात आहे. बाहेर पाऊल टाकण्याआधी त्याला आडोशात बसून बघायचं असतं. उंबरठ्यावरचा जो वेळकाढूपणा आपल्याला राग आणतो, तो त्याचा पहारा असतो. आमच्या मागच्या दारासमोर नुसती मोकळी फरशी आहे. फाटक उघडं राहिलं तर मोकाट कुत्री तिथपर्यंत येतात. शिवाय ती बाजू पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारी तिथं चप्पल काढून उभं राहून दाखवावं. उत्तरेच्या भिंतीला दिवसभर सावली, समोर कुंडीचा आडोसा, वर पाण्याच्या टाकीचा गारवा. कळणीने घरातली सगळ्यांत शहाणी जागा निवडली होती आणि आम्ही तिला पंधरा मिनिटांचं दार देत होतो.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यांदा सांगते: मांजराचं दार कुठं असावं, याचा निर्णय टेपने, पंचांगाने किंवा कॅटलॉगने करू नका. मांजर आधीपासून जिथून जायला बघतं, ती जागा शोधा. दोन आठवडे आणि वाटीभर कणीक, एवढाच खर्च आहे.

पण मांजराने जागा दाखवली, म्हणजे लगेच छिन्नी उचलायची असंही नाही. माणसाने तपासायच्या गोष्टी नंतर येतात आणि त्याही सोडता येत नाहीत. भिंतीत वर स्विचबोर्ड असेल, तर त्याच्या सरळ खाली वायरचा पाइप उतरलेला असण्याची दाट शक्यता. नळ असेल तर पाण्याची लाइन. कोपऱ्यात कॉलम असतो. त्याला आणि खालच्या बीमला हात लावायचा नाही, ही गोष्ट सिव्हिलच्या माणसाला विचारूनच. दाराच्या कडीपासून जागा हातभर नव्हे, चांगली दीड-दोन हात लांब हवी. भाच्याचा हात मी मोजून ठेवलाय. खाण्याची ताटली भोकाजवळ नको, नाहीतर गल्लीतले सगळे बोके जेवायला. कूलरच्या वाऱ्याच्या झोतात भोक नको. पावसाचं पाणी ज्या बाजूने झोडपतं तिथं असेल, तर वर लहानसा छज्जा हवा.

मग मांजर मोजायचं. कळणीला सायीचं बोट दाखवून मी शिवणाची टेप लावली. खांद्याशी उंची साडेनऊ इंच, छातीशी रुंदी पाच, पोट जमिनीपासून सव्वाचार इंच. भोकाचा खालचा काठ साधारण पोटाच्या उंचीला असला, की मांजर उडी न मारता, न सरपटता पाऊल टाकून जातं. उंचीइतकं भोक लागत नाही, ते वाकतं. मांजराची हासळी आपल्यासारखी इतर हाडांना जोडलेली नसते, म्हणून डोकं गेलं तिथं खांदे जातात. मात्र मांजर नसबंदीनंतर थोडं सुटतं, तेव्हा पिल्लाच्या मापाने भोक पाडलं, तर वर्षभरात दुसरं पाडावं लागेल. न्यूटनची ती गोष्ट खोटी असेल, पण उलट्या बाजूने खरी करणारे पुष्कळ आहेत.

बाकीचं काम जळगावने केलं. एसीवाल्यांसाठी भिंतीत गोल भोक पाडणारा कोअर कटिंगवाला मुलगा बोलावला. त्याने आठ इंची गोल वीट अशी कापून काढली, जसा केकचा तुकडा. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पाणी आत येणार नाही. आत पीव्हीसी पाइपचा नऊ इंचांचा तुकडा बसवला. या गावात पाइपच्या तुकड्याला काय तोटा? गुळगुळीत पाइपात पंजे घसरतात, म्हणून तळाला चटईची पट्टी चिकटवली. चटईचेही कारखाने गावातच. झडपेसाठी रावेरकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केळी पिकवायच्या खोलीच्या दाराला जे जाड पारदर्शक पट्ट्यांचे पडदे असतात, त्यातला तुकडा दिला. लवचीक, पारदर्शक, आवाज नाही. कळणीला पलीकडचं दिसतं, हे महत्त्वाचं. घराच्या आतल्या बाजूने पारोळ्याच्या सुताराने लाकडाची सरकती फळी बसवली, तिला कडी. तीन दिवस झडप वर बांधून ठेवली, चौथ्या दिवशी अर्धी सोडली, सहाव्या दिवशी पूर्ण. सातव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती सवयीने. उशाशी कुणी नव्हतं.

कोअर कटिंगवाल्या मुलाने बिलावर काय लिहायचं म्हणून थोडा विचार केला आणि लिहिलं, "मांजरमोरी १ नग". फ्रेंचमध्ये, स्पॅनिशमध्ये या भोकाला स्वतःचा शब्द आहे. आता मराठीतही आहे, पावतीसकट.

सुतार आणि मी मात्र एका मुद्द्यावर भांडलो. त्याचं म्हणणं, मालकिणीला कडी कशाला? माझं म्हणणं, बंद करता येत नाही ते भोक, बंद करता येतं ते दार. आजीच्या सान्याला पत्रा होताच ना. आमच्या कॉलनीच्या मागे कपाशीचं रान आहे. पावसाळ्यात साप उंदरांच्या मागे घराशी येतात, आणि मण्यार किंवा घोणस माझ्या चटईच्या पट्टीवरून आत यायची शक्यता मी हसण्यावारी नेणार नाही. भोक जमिनीपासून वर आहे, बाहेर विटांचा किंवा लाकडांचा ढीग ठेवत नाही, आणि पावसाळ्यात दिवेलागणीला फळी लागते. कळणी तेव्हा आतच असते, कारण तिचं जेवण तेव्हाच असतं. ही वेळ मुद्दाम ठरवली. दुसरं कारण पाखरांचं. मांजर पहाटे आणि संध्याकाळी शिकार करतं. आमच्या कढीपत्त्यावर शिंजीर घरटं करते. घरट्याचे दिवस असले, की मोरी सकाळी उजाडल्यावर उघडते. मांजराला वाट देणं म्हणजे सगळं रान त्याला आंदण देणं नव्हे. नसबंदी आणि रेबीजची लस या दोन गोष्टी झडपेच्या आधी व्हायला हव्यात; मोरी नंतर. मोरी पाडून मांजराला वर्षाला दोनदा पिल्लांसह परत येऊ देणारा माणूस मांजरावर प्रेम करतो, असं मला वाटत नाही.

भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये राहणारे विचारतील, आम्ही काय करायचं? तळमजल्यावर असाल, तर खिडकीची एक काच काढून तिच्या मापाच्या ॲक्रिलिकच्या तुकड्यात झडप बसवा. घर सोडताना काच परत. वरच्या मजल्यावर असाल, तर बाहेरचा नाद सोडा आणि घरातल्या घरात बघा. ज्या बाल्कनीत किंवा न्हाणीत मांजराचा मातीचा ट्रे आहे, त्या दाराला मोरी ठेवा. मांजराला दार हवं असतं ते बऱ्याचदा बाहेर पळायला नाही, जाऊन यायला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. जळगाव आणि धुळ्यात गेल्या वीस वर्षांत शेतं एन.ए. होऊन कॉलन्या उठल्या. नकाशावर गाडीची जागा असते, देवघर असतं, एसीच्या बाहेरच्या डब्याला कट्टा असतो, इन्व्हर्टरला कोनाडा असतो. माझी सूचना इतकीच, की धुण्याच्या जागेच्या किंवा मागच्या खोलीच्या सावलीच्या भिंतीत, कॉलम आणि नळ सोडून, जमिनीपासून सहा-आठ इंचांवर, नऊ बाय नऊ इंचांची एक जागा बांधतानाच सोडा. वर फरशीचा एक तुकडा आडवा टाका. आत दोन विटा सिमेंटऐवजी मातीत बसवून बाहेरून गिलावा करा आणि जागेची खूण कागदावर ठेवा. खर्च एका चहाचा. मांजर आलं, तर गवंड्याला अर्धा तास. नाही आलं, तर भिंत भिंतच आहे. आणि मांजराने दुसरीच जागा दाखवली, तर तेवढं हसून घ्या. कागदावरची जागा हा अंदाज आहे, शेवटचा शब्द कणकेवरच्या ठशांचा.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की माणसांना घरं मिळेनात आणि तुम्हाला मांजराच्या मोरीचं पडलंय. खरं आहे, मला पडलंय. आजीच्या घरात खायची तोंडं अकरा होती आणि कणगी मार्गशीर्षापर्यंत पुरेल का, याची चिंता दरवर्षी असायची. तरीही पत्रा चार बोटं सरकलेला असे. वाट ठेवायला ऐपत लागत नाही. घर बांधताना ते आठवावं लागतं.

माझी पुतणी धुळ्यात देवपूरला घर बांधते आहे. महिन्यापूर्वी इंजिनिअरबरोबर बसलो होतो. सगळा नकाशा पाहून झाल्यावर मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि धुण्याच्या जागेच्या उत्तर भिंतीवर लहानसा चौकोन काढून शेजारी लिहिलं, मांजरमोरी, ९ बाय ९. इंजिनिअर तरुण होता, माझाच विद्यार्थी असता तर कान पकडता आला असता. त्याने पुतणीकडे बघितलं.

"ताई, तुमच्याकडे मांजर आहे?"

"नाही," ती म्हणाली.

"मग बाई, या नकाशात मांजर कुठंय?"

मी त्याला त्याचाच नकाशा फिरवून दाखवला. बेडरूम, हॉल, किचन, जिना. "यात माणसं तरी कुठं दाखवलीयत? दारंच दाखवलीयत ना?"

त्याने पेन्सिलीच्या चौकोनावर शाईची रेघ ओढली.